एफ/२२ लावलं की फोटो शार्प येतो?

"निसर्गदृश्य काढायचंय? थेट एफ/२२ लाव. अ‍ॅपर्चर जितकं बारीक, तितका फोटो शार्प." हा सल्ला नव्याने कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडतो. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ/चा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान.) तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी चांगली चांगली दृश्यं मऊ पडतात.

बारीक अ‍ॅपर्चरने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढते, हे मान्य. पण फोकस कुठवर पुरतो हा एक प्रश्न, आणि फोकसमधला बारकावा किती रेखीव उमटतो हा दुसरा. छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. छिद्र जितकं लहान, तितका जास्त. त्यामुळे बिंदूच्या जागी सेन्सरवर चकती उमटते. हिरव्या प्रकाशात तिचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एफ/२२ ला जवळपास ३०. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा! लेन्स कितीही महाग असो, यातून सुटका नाही.

"मग अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकारांच्या गटाचं नावच 'एफ/६४' कसं?" हा प्रश्न हमखास येतो. १९३२ साली कॅलिफोर्नियात जमलेली ही मंडळी मोठ्या निगेटिव्हवर काम करत. ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा कर्ण फुल फ्रेमच्या साधारण साडेसातपट भरतो. तेवढ्याच प्रिंटसाठी ती कमी मोठी करावी लागते, म्हणून मोठी चकतीही खपते. म्हणजे त्या निगेटिव्हवरचं एफ/६४ आपल्या फुल फ्रेमवर एफ/८ किंवा ९ च्या घरात येतं. आकडा उचलला, निगेटिव्हचा आकार मात्र विसरला.

"पायाजवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही हवेत, तर दुसरा इलाज नाही." आहे की! २४ मिमी लेन्स, एफ/११, फोकस १.८ मीटरवर: साधारण ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

ट्रायपॉडचा आधारही इथे अपुरा पडतो. एफ/८ वरून एफ/२२ वर गेलं की प्रकाश आठपटीने घटतो, १/१२५ सेकंदाचा शटर १/१५ वर येतो. कॅमेरा स्थिर राहील, गवत राहणार नाही. शिवाय सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपके होऊन दिसते.

तरीही "एफ/११ च्या पुढे जाऊच नका" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सूर्याभोवती किरणांचा तारा हवा असेल तर एफ/१६ किंवा २२ बिनधास्त लावा: नऊ पात्यांच्या अ‍ॅपर्चरला अठरा किरण, आठ पात्यांच्याला आठच. तिथे थोडा मऊपणा मी आनंदाने पत्करतो.