वाचून दाखवायला घर भरलंय?

आप्पाकाकांना दिसत नाही. बँकेच्या ॲपवरची त्यांची केवायसी अडली, म्हणून मी कॅनडातून घरच्या ग्रुपवर सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल टाकला. ॲसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नाही, अंधांना कॅमेरा कुठे धरायचा ते कळत नाही. डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयाने सांगितलं. त्यावर दादाने लिहिलं, "तिकडे माणसं नाहीत म्हणून यंत्रं लागतात. आपल्याकडे वाचून दाखवायला घर भरलंय."

आठ दिवस झाले, गो ट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसलं की हेच डोक्यात घोळतं.

ओंटारियो प्रांतात एका नगरपालिकेत मी कागदपत्रं अंधांना ऐकता येतील का ते तपासते. शीर्षकाला शीर्षकाचा टॅग, तक्त्याला रकान्यांची नावं, चित्राला वर्णन. मग एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून, डोळे मिटून सगळं ऐकायचं. अपंगांना सगळं वापरता यावं यासाठीचा इथला कायदा 2005 चा. 2025 पर्यंत सगळा प्रांत सुगम्य व्हायचा होता, तो झाला नाही. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

कायदा आपल्याकडेही आहे, 2016 चा. तरी आप्पांना आलेलं पेन्शनचं परिपत्रक काय होतं? संगणकावर टाइप केलेलं, छापलेलं, सही-शिक्का मारून पुन्हा स्कॅन केलेलं. म्हणजे कागदाचा फोटो. एनव्हीडीए त्यावर गप्प. त्याआधीचं एक पत्र जुन्या फॉन्टमधलं: डोळ्यांना मराठी, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि यंत्र तीच वाचत सुटलं. युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच राहतील असं, टाइप करून डिजिटल सही केली असती तर दोन्ही कागद वाचता आले असते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. ती मराठी आप्पांच्या कानापर्यंत पोचत नाही याचा राग कुणालाच कसा येत नाही?

घर भरलेलं होतं, हे खरं. वाईला असताना आप्पांची पत्रं मीच वाचायचे. सहावीत असेन. त्यांच्या मित्राने उसने पैसे मागितले होते, ते मी आईला जाऊन सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. पुढचं पत्र त्यांनी शेजारच्या गुरुजींकडून वाचून घेतलं. दादाला हे माहीत नाही.

आता माझ्या शनिवारी रात्री, त्यांच्या रविवारी सकाळी, मी व्हिडिओ कॉलवर त्यांचे कागद वाचते. त्या घरात माझं म्हणून एवढंच काम उरलंय, आणि ते मला सोडवत नाही. हेही दादाला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ते परिपत्रक मी युनिकोडमध्ये टाइप केलं, टॅग लावले, पाठवलं. आप्पांनी ते एकट्याने ऐकलं आणि फोन केला.

"चौथा मुद्दा तू त्या दिवशी वाचला नव्हतास गं."

नव्हता वाचला. उशीर झाला होता, म्हणून मी तो गाळला होता.