बादलीत बुचकळा आणि मोकळे व्हा? नक्षीकामाला ते मानवत नाही

सणांचे दिवस जवळ आले की सिरॅमिक करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. नक्षीदार वस्तूंना ब्रशने ग्लेज (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) लावत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. वस्तू चिमट्यात धरा, बादलीत एकदा बुचकळा, थर चांगला जाड बसू द्या. कमीजास्त झालं तर भट्टीत वितळून सारखं होतं. रंग हवे असतील तर वरून रंगीत ग्लेजचे ठिपके द्या. भोकं आणि तळ सगळ्यात शेवटी पुसा. आणि भट्टी गच्च भरा.

हा सल्ला पसरतो, कारण तो अर्धा खरा आहे. गुळगुळीत गोळा किंवा साधी घंटा असेल तर बुचकळण्याइतकं झटपट काही नाही. दोन-तीन सेकंदांचं काम. गाडी अडते ती सूचिपर्णी झाडाच्या काटेरी फांद्या, जाळीची चांदणी, पिसं कोरलेला पक्षी अशा वस्तूंपाशी.

“एकदा बुचकळा.” बिस्क, म्हणजे एकदा भाजलेलं पण अजून ग्लेज न दिलेलं भांडं किंवा वस्तू, पाणी पितं म्हणून ग्लेज त्याला धरतं. किती धरणार, ते त्या जागी माती किती जाड आहे यावर ठरतं. झाडाचा बुंधा बराच वेळ पाणी ओढत राहतो, फांदीचं पातळ टोक मात्र क्षणात भिजून गच्च होतं आणि पुढचं ग्लेज घेत नाही. खाचांमध्ये उलट होतं. तिथे ग्लेजचं डबकं साचतं, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून जागा कोरडीच राहते. म्हणजे एकाच बुडवणीत एकाच वस्तूवर तीन जाडीचे थर. बुडवायचंच असेल तर नक्षीसाठी वेगळं, पातळ ग्लेज ठेवा. मोजायला वजनकाटा पुरतो: मी १०० मिलीलिटरचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास ठेवतो, सपाट वस्तूंसाठी त्याहून थोडं दाट. बाहेर काढल्यावर वस्तू उलटी धरून मनगटाला एक झटका द्यायचा, आणि शेवटचा थेंब मागच्या बाजूला जाईल असं फिरवायचं. आदल्या दिवशी धूळ धुऊन वस्तू पूर्ण वाळवलेली असावी. ओलं बिस्क ग्लेज नीट घेत नाही.

“जाड थर द्या, भट्टीत सारखं होतं.” सारखं होतं हे खरंच आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. वितळलेलं ग्लेज मधासारखं असतं: धारदार कडेवरून मागे सरकतं आणि खोलगट जागी जाऊन बसतं. जे सारखं होतं, ते तुम्ही दोन दिवस खपून कोरलेलं असतं! अपारदर्शक पांढऱ्या ग्लेजखाली तर पिसं आहेत की नुसता उंचवटा, ते ओळखू येत नाही. शिवाय जाड थराला वाळतानाच बारीक तडे जातात, आणि भट्टीत त्याच तड्यांपासून ग्लेज गोळा होऊन मण्यांसारखं बसतं, मधली माती उघडी पडते. हाताचं तेल लागलेल्या किंवा धूळ बसलेल्या जागीही हेच होतं.

कडेवरून सरकण्याचा हाच गुण मात्र कामाला लावता येतो. पारदर्शक रंगीत ग्लेज, म्हणजे अंबर (मधाळ पिवळं) किंवा सेलाडॉनच्या (फिकट निळसर-हिरव्या) जातीचं, पातळ लावलं तर उंचवट्यावर फिकट आणि खाचेत गडद दिसतं. नक्षी आपोआप उठून येते, आणि इथे एक बुडवणी खरंच पुरते. सल्ला देणाऱ्याने बहुधा असलीच एखादी वस्तू पाहिलेली असावी.

“रंग वरून द्या.” पन्नास बारीक फांद्यांवर तीन रंग एकेक करून भरून बघा, मग वेळेचं बोलू. रंग ग्लेजच्या खाली द्यायचा असतो, आणि तोही भरायचा नाही, पुसायचा. गडद अंडरग्लेज, म्हणजे हाच ग्लेजखालचा रंग, पाण्याने दुधाइतकं पातळ करा आणि जुन्या ब्रशने सगळ्या खाचांमध्ये बिनधास्त घोळवा. वस्तू काळी-भुरी, अगदी ओंगळ दिसेल, दिसू द्या. वरची ओल उडाली की बारीक स्पंज घट्ट पिळून उंचवट्यांवरून एकाच दिशेने फिरवा. दर दोन-तीन हातांनी स्पंज धुवा, नाहीतर पुसलेला रंग पुन्हा वर बसतो. खाचेत रंग राहतो, वर माती उघडी होते, आणि पक्ष्याचं एकेक पीस मोजता येतं. टोकांना दुसरा रंग हवा असेल तर जवळजवळ कोरडा ब्रश वरवर घासायचा. त्यावर पारदर्शक ग्लेजचा पातळ थर. एका वस्तूला पाच-सात मिनिटं लागतात आणि हात सरावलेला असण्याचीही गरज नाही.

दोन गोष्टी सांभाळायच्या. अंडरग्लेज जाड राहिलं तर मातीची छिद्रं बुजतात आणि वरचं ग्लेज धरत नाही. आणि हिरवा रंग क्रोमचा असेल, तर वरच्या पारदर्शक ग्लेजमध्ये जस्त नाही ना ते बघा. जस्ताच्या संगतीत क्रोमचा हिरवा तपकिरीकडे वळतो आणि सदाहरित झाड वाळक्यासारखं बाहेर येतं.

“भोकं शेवटी पुसा.” छोटे दिवे बसवायची भोकं असलेल्या झाडावर मी हा प्रयोग केला आहे. साठेक भोकं, प्रत्येकात ग्लेजची पापुद्र्यासारखी चकती. टूथपिकने टोकरताना आजूबाजूचं कोरडं ग्लेज पावडर होऊन गळत होतं. संध्याकाळ गेली, तरी तीन भोकं नजरेतून सुटली. भाजल्यावर तिथे काच तयार झाली होती, तिला शेवटी हिऱ्याचं टोक लावून घासावं लागलं. आता आधी प्रत्येक भोकाला वॅक्स रेझिस्टचा ठिपका देतो. वॅक्सवर ग्लेज बसत नाही आणि वॅक्स भट्टीत जळून जातं. तळ आणि टांगायचं भोक यांनाही तेच. वॅक्स चुकून नक्षीवर सांडलं तर पुसत बसू नका, ते जात नाही. वस्तू पुन्हा बिस्कच्या तापमानाला भाजणं हाच उपाय.

“ब्रश म्हणजे वेळेची नासाडी.” एकच वस्तू घेऊन बसलात तर होय. ब्रशच्या ग्लेजमध्ये डिंक असतो, ते सावकाश वाळतं आणि तीन हात द्यावे लागतात. बारा वस्तू रांगेत मांडा. बाराव्या वस्तूला पहिला हात देईपर्यंत पहिली वाळलेली असते. फवारणी याहून भरभर होते, पण ग्लेजच्या धुरळ्यात सिलिका असते. चांगला मास्क आणि हवा ओढणारा बूथ नसेल तर तो विचारच सोडा.

“भट्टी गच्च भरा.” वितळलेलं ग्लेज शेजाऱ्याला चिकटतं, म्हणून वस्तूंमध्ये बोटभर फट हवी. सगळीकडून ग्लेज असलेली छोटी वस्तू कमी तापमानाला, म्हणजे कोन ०६ च्या सुमाराला (कोन हे भट्टीतल्या उष्णतेचं माप; ०६ म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस), तिवईसारख्या स्टिल्टवर टेकवता येते किंवा भट्टीच्या तारेवर टांगता येते. तापमान वाढलं की माती स्टिल्टवर वाकते, साधी निक्रोम तारही लवते. तिथे तळ कोराच ठेवलेला बरा.

फट ठेवण्याचं आणखी एक कारण मला कोन ६ च्या, म्हणजे कोन ०६ पेक्षा बऱ्याच जास्त तापमानाच्या, भाजणीत कळलं. जागा वाचवायला हिरव्या झाडाला जवळजवळ खेटून एक पांढरी चांदणी ठेवली होती. ग्लेज ग्लेजला कुठेही लागलं नव्हतं. पण क्रोम तापून वाफेने उडतं, आणि कथिलाच्या पांढऱ्या ग्लेजवर बसलं की गुलाबी होतं. झाडाकडची तिची दोन टोकं फिकट गुलाबी होऊन निघाली. चांदणी अजून खिडकीत टांगलेली आहे. कुणी विचारलं तर मुद्दाम तशी केली म्हणून सांगतो.