मॅग्नमने एल्क उडून पडत नाही, भावोजी

भाचा डेन्व्हरला असतो. यंदाच्या मोसमात मित्रांबरोबर कोलोरॅडोतच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं त्याच्या डोक्यात आहे. तिथे परवाना काढून शिकार करता येते, मारलेलं लोक खातात, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती भावोजींनी रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजबद्दल. 'खरा शिकारी मॅग्नमच का वापरतो' हे पुराण महिनाभर फिरतंय. (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस आणि ते चालवणारी रायफल.) आधी दोनदा आलं तेव्हा मी सोडून दिलं. या वेळी त्याखाली भाच्याचा प्रश्न होता: "मामा, .३३८ लापुआ घेऊ का?" म्हणजे मॅग्नममधलीही थोरली.

वरळीच्या रेंजवर मी बरीच वर्षं हलकी .२२ रायफल चालवली. मॅग्नम कधी खांद्याला लावलेली नाही, हे आधीच कबूल. पण पहिला मुद्दा खोडायला तर शाळेतलं भौतिकशास्त्रही पुरतं.

म्हणे गोळी लागली की जनावर चार फूट मागे फेकलं जातं. .३०० विन्चेस्टर मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी म्हणजे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. गुणाकार करा आणि ३०० किलोच्या एल्कने भागा. उत्तर येतं सेकंदाला साडेतीन सेंटीमीटर. विरार लोकलमध्ये शेजारच्याने कूस बदलली तरी याहून मोठा धक्का बसतो. शिवाय तेवढा धक्का असता तर बंदूकवाल्यालाही तितकाच मागे बसला असता. जनावर पडतं ते काळीज-फुप्फुस फाटल्यामुळे, नाहीतर मणका तुटल्यामुळे.

मॅग्नम काडतुसाच्या बुडाशी असलेला पट्टा 'मजबुतीसाठी' हेही खोटं. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचं काडतूस निमुळतं, त्याच्या मानेखालचा खांदा जेमतेम. चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, ते नेमकं कुठे टेकायचं, यासाठी तो पट्टा. २०१८ चं ६.५ पीआरसी आणि २०२२ चं ७ मिमी पीआरसी ही नवी ताकदवान काडतुसं पट्ट्याशिवायच आहेत. पुढे.

आता ज्या ओळीने डोकं फिरलं ती. 'ब्रिटिश स्नायपरने .३३८ लापुआने अडीच किलोमीटरवर नेम साधला, मग हजार यार्डांवर एल्क म्हणजे पोरखेळ.' तो सैनिक क्रेग हॅरिसन, २००९, अफगाणिस्तान, अंतर २४७५ मीटर. खरं आहे. पण अंतराचा अंदाज येईपर्यंत सुमारे नऊ गोळ्या गेल्या, हे त्यानेच सांगितलंय. शेजारी दुर्बीण लावून बसलेला जोडीदार होता तो वेगळा. एल्क तुम्हाला नऊ गोळ्या देणार आहे का?

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, मरीन ड्राइव्हचा चौथा हिस्सा. २०० यार्डांवर नेम जुळवलेली .३०० विन्चेस्टर मॅग्नम तिथे पोचेपर्यंत चोवीस-पंचवीस फूट खाली येते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे चौपाटीवर रोज संध्याकाळी असतो तेवढा, तिला सहा-सात फूट बाजूला नेतो. अंतर मोजण्यात २५ यार्डांची चूक झाली तर गोळी फूटभर तरी वरखाली. हे सगळं अचूक साधलंत तरी गोळी वाटेत दीड सेकंद असते. तेवढ्यात चरणारा एल्क सहज पाऊल पुढे टाकतो आणि फुप्फुसाची गोळी पोटात लागते. पोट फुटलेलं जनावर लगेच मरत नाही, चालत राहतं. तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि पुष्कळदा सापडतच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला 'पोरखेळ' हा शब्द याच्यासाठी सुचला.

(हे आकडे समुद्रसपाटीचे. एल्कच्या डोंगरांत दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, ते थोडे कमी होतील. पण एवढं चढून गेल्यावर छाती कशी धपापते, तेही हिशेबात घ्या.)

मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, तेवढं मानतो. गोळी नीट पसरायला लागताना वेग लागतो, पुष्कळशा गोळ्यांना सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास. मॅग्नम तो वेग .३०-०६ या जुन्या, साध्या रायफलपेक्षा शंभर-सव्वाशे यार्ड पुढपर्यंत टिकवते. ५०० यार्डांवर दोघींच्या घसरणीत फरक मात्र वीतभरच. त्या वितीसाठी खांद्याला किती मार खायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कारण 'नवख्याला मोठं काडतूस सोपं, नेम चुकला तरी निभावतं' हा सल्ला तर साफ उलटा आहे. सारख्याच वजनाच्या रायफलमध्ये लापुआचा धक्का .३०-०६ च्या दुपटीच्या घरात जातो. दोन-चार वेळा तो खाल्ला की माणूस घोडा ओढण्याआधीच डोळे मिटतो. रेंजवर बारा बोअरची छऱ्याची बंदूक हाती घेतलेल्या धडधाकट माणसांना मी असं दचकताना पाहिलंय. आणि एल्कला मॅग्नमच लागते हे ठरवलं कोणी? कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याचा नियम बघ. गोळीचा व्यास किमान .२४ इंच, एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी, १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. बस. .३०-०६ त्याच्या दुपटीहून जास्त देते.

शेवटची ओळ भावोजींसाठी, कारण त्यांचं गाव कोकणात आहे: 'आपल्याकडे रानडुकरांनाही हीच उत्तम.' भावोजी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी होत असली तरी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारलं तर जेलची वारी ठरलेली. ही ओळ तेवढी गावच्या ग्रुपवर टाकू नका.

आणि भाच्या, .३०-०६ घे, नाहीतर मित्राची मागून घे. उरलेल्या पैशांची काडतुसं. रेंजवर टेबल सोड. गुडघ्यावर बस, काठीचा आधार घे, आधी थोडं पळून दम लागू दे. जेवणाच्या कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतील, तेवढंच तुझं अंतर. दोनशे यार्ड निघालं तर दोनशे.