डबा आला, घूं गेली नाही

काल रात्री अकरा वाजता तो डबा जोडला. साडेअकराला मी कपाटामागे गुडघे टेकून, होम थिएटरच्या सबवूफरला (जड आवाज काढणारा मोठा स्पीकर) कान लावून बसलो होतो आणि त्यातून सात महिने येणारी घूं तशीच होती.

डबा म्हणजे पॉवर कंडिशनर, टीव्ही-स्पीकरकडे जाणारी वीज गाळून स्वच्छ करणारं यंत्र. वजन १७ किलो. तो एकट्याने उचलून टीव्हीच्या कपाटात सरकवताना कमरेत जी कळ आली ती अजून मुक्कामाला आहे. पुढे चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी, मागे आठ सॉकेट, प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत छापलेलं: ‘डिजिटल’, ‘ॲनालॉग’, ‘हाय करंट’. जणू वीज आत येताना ओळखपत्र दाखवते आणि आपापल्या रांगेत उभी राहते. आणि मधोमध निळे आकडे. किती व्होल्ट येताहेत ते. २३३. २३४. २३३. २३१. परत २३३. अरे, विचारलंय कोणी? खोलीत अंधार करून सिनेमा बघायचा म्हणून हा खटाटोप, आणि पडद्याखाली हा निळा दिवा रात्रभर मला हिशोब देत बसणार.

तर सगळा जामानिमा झाला. पंखा बंद, ट्यूब बंद, बायकोला म्हटलं, “पाच मिनिटं अजिबात बोलू नकोस.” (हे नंतर वेगळं महागात पडलं.) रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) चालू, आवाज शून्यावर. आणि कोपऱ्यातून घूंऽऽऽ. तीच. सात महिने ऐकतोय, तिचा सूर मला स्वतःच्या रिंगटोनपेक्षा पक्का पाठ आहे. तिच्यात एका केसाचाही फरक नाही. उलट वरून आणखी एक आवाज, झ्झ्झ्झ्, बारीक, दाताच्या डॉक्टरकडे शेजारच्या खोलीतून येतो तसा. मी स्पीकर तपासले. वायरी हलवल्या. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, “अहो, तो डबाच आवाज करतोय.”

करत होताच. वीज स्वच्छ करायला आणलेला डबा अस्वच्छ विजेने कण्हत होता. आत भलामोठा गोल ट्रान्सफॉर्मर आहे, टोरॉइडल. दिसायला देखणा, पण मेन्समध्ये, म्हणजे घरात येणाऱ्या एसी विजेत, जरासा डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) मिसळला की त्याचा गाभा एका बाजूने तुंबतो आणि हा गुरगुरायला लागतो. आणि डीसी येतो कुठून? आमच्याकडे हेअर ड्रायरमधून. हळू स्पीडला लावला की त्यातला एक डायोड अर्धीच लाट घेतो, उरलेली अर्धी तशीच सोडून देतो. लेक केस वाळवायला बसली की हा १७ किलोचा तपस्वी म्हशीसारखा हंबरतो. डीसी अडवणारा आणखी एक छोटा डबा मिळतो म्हणे, या डब्याच्या आधी लावायला. म्हणजे फिल्टरला फिल्टर. नाही आणणार. (बघू.)

आता विषय निघालाच आहे तर ती जाड पॉवर कॉर्डही सांगून टाकतो. मनगटाएवढी जाड, वर सापाच्या कातड्यासारखी जाळी, इतकी ताठ की रिसीव्हरच कपाटातून दोन बोटं पुढे ढकलला गेला. तिच्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं, २०० तास चालू ठेवा, मग खुलेल. वायर आहे की लोणचं? आणि तिचं कौतुक करणारे परीक्षक! ‘पडदा दूर झाल्यासारखं वाटलं.’ ‘काळा रंग अधिक काळा झाला.’ अहो महाराज, एचडीएमआयमधून आकडे येतात आकडे. पॉवर कॉर्ड बदलली म्हणून शून्याचं अधिक शून्य होत नाही. चित्रात बिघाड झालाच तर ठिपके उडतील, पडदा काळा पडेल, संपलं. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर मेन्सच्या गडबडीने आडवा पट्टा सावकाश वर सरकताना दिसायचा, तो खरा पुरावा होता. आणि रिसीव्हरच्या आत विजेचं काय होतं तेही कोणी सांगत नाही. आलेली एसी ट्रान्सफॉर्मर उतरवतो, चार डायोड तिला सरळ करतात, दोन जाडे कपॅसिटर तिचे खाचखळगे भरतात. धड बनवलेलं यंत्र हे काम स्वतः करूनच बाहेर पडलेलं असतं.

स्पाइक बस्टरबद्दल तर बोलूच नका. त्यात वाटाण्याएवढा एमओव्ही असतो, जादा व्होल्टेज स्वतःवर झेलणारा पार्ट, प्रत्येक मोठा झटका खाऊन थोडा थोडा मरतो, आणि मेला तरी लाल दिवा तसाच लागलेला. माझ्याकडे असे चार आहेत. कोणता जिवंत, कोणता मेलेला, मला माहीत नाही.

पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा. या सात महिन्यांत ज्याला ज्याला घूंबद्दल सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी एकच उपाय सांगितला, “अर्थची पिन काढून टाक.” एकाने तर वर, “मोठ्या पिनेला टेप गुंडाळ, मी दहा वर्षं तसंच वापरतोय.” दहा वर्षं वाचलास बाबा, त्यात तुझी हुशारी काय? आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर करंटला जायला वाट असावी, ब्रेकर पडावा, एवढ्यासाठी ती पिन आहे. घूं बंद करायला माणूस बंद करायचा?

आणि ज्यांना अर्थिंग जोडायचं असतं त्यांची तऱ्हा निराळी. कपाटामागच्या पॉइंटला तिसरं भोक आहे म्हणून मी निर्धास्त होतो. एके दिवशी रिसीव्हर आणि सबवूफर दोन्हींना एकदम हात लागला आणि मुंग्या आल्या. मल्टिमीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये ९० व्होल्ट, हवेत २३०च्या आसपास. कधी ८४. बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नाही! नुसतं भोक, शोभेचं. वायरमन आला, बघून म्हणाला, “काळजी करू नका साहेब, आत्ता देतो अर्थिंग,” आणि न्यूट्रलमधून दोन इंचांचा तुकडा काढून अर्थला जोडायला निघाला. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली की सबवूफरच्या पत्र्यावर थेट फेज. मी ओरडलो. तो दुखावला. मुख्य बोर्डापासून खरी हिरवी वायर ओढून घ्यायला पुढे तीन रविवार गेले, आणि चौथ्या रविवारी, अर्थ पक्की झाल्यावर, घूं दुप्पट झाली.

इथे अक्कल असलेला माणूस थांबून विचार करतो. मी लिफ्टवर घसरलो.

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, मोटर धडधडते, तिचाच कचरा लाइनीत येत असणार असं मी ठरवून टाकलं. वही केली. ११ रात्री नोंदी केल्या. डावीकडे लिफ्टच्या वेळा, उजवीकडे घूंचा जोर, दहापैकी गुण देऊन. मग इमारतीच्या कमिटीला दोन पानी पत्र लिहिलं, त्यात ‘विद्युत प्रदूषण’ हा शब्द पाच वेळा. लिफ्ट रात्री बंद असते. घूं चोवीस तास असते. हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

तर काल. रात्रीचे दोन. घूं चालू, डबा चालू, कंबर चालू. वैतागून एकेक वायर उपटायला लागलो. सबवूफरची सिग्नलची वायर काढली, शांत. परत लावली, घूं. म्हणजे सबवूफर निर्दोष. ही तपासणी मला कॉलेजपासून माहीत आहे, दुसऱ्यांना मी ती तोंड वर करून सांगतो, स्वतःच्या घरात सात महिने केली नाही, कारण मला गुन्हेगार आधीच सापडला होता. सीडी प्लेयर काढला, घूं. टीव्ही काढला, घूं. शेवटी सेट टॉप बॉक्सच्या पाठीत स्क्रूसारखी बसलेली ती केबल टीव्हीच्या वायरीची गोल पिन फिरवून काढली.

शांतता. अशी की डब्याचं झ्झ्झ् आता खोलीभर ऐकू यायला लागलं.

ग्राउंड लूप. शुद्ध, पाठ्यपुस्तकी ग्राउंड लूप. केबलची बाहेरची जाळी बाहेर कुठेतरी जमिनीला जोडलेली, सबवूफर माझ्या नव्याकोऱ्या हिरव्या वायरीने जमिनीला जोडलेला, दोन्ही जमिनींच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक, आणि तो फरक माझ्या सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून इकडून तिकडे फेऱ्या मारतोय. डबा काय करणार? तो फेज आणि न्यूट्रल गाळतो, अर्थ सरळ आरपार सोडतो, सोडायलाच हवी. आणि केबल तर त्याच्या बाजूने, भिंतीतल्या भोकातून, त्याला न विचारता आत येते. मी पुढच्या दाराला सात कुलपं लावत बसलो होतो.

यावर उपाय अंगठ्याएवढा आहे. केबलच्या वाटेत लावायचा आयसोलेटर, सिग्नल जाऊ देतो पण जमिनीची जोडणी तोडतो, आत दोन-चार बारीक पार्ट. मागवलाय, गुरुवारी येणार. तोवर केबल काढून ठेवलीय, त्यामुळे बायकोच्या मालिका बंद, त्यामुळे घरात आणखी एक प्रकारची शांतता आहे.

डबा परत घेत नाहीत. खोक्यातला थर्माकोल मी उत्साहात मधोमध फाडला होता, आणि ‘मूळ पॅकिंगसह’ अशी अट आहे. कमिटीच्या सेक्रेटरींचा निरोप आलाय की पत्र मिळालं, रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय, लिफ्टचे मेकॅनिक हजर राहतील, मीही वही घेऊन यावं.

निळ्या आकड्यांवर काळी टेप लावली. कडेने उजेड येतोच आहे.

लेक आत्ता केस धुऊन आली. ड्रायर हळू स्पीडवर.