बघते!

नाटकाच्या आठवड्यात नाट्यनिर्मितीच्या विद्यार्थिनीला दोनच वाक्यं बोलावी लागतात: ‘बघते’ आणि ‘बजेटमध्ये बसत नाही’. पहिल्याचाही अर्थ दुसरंच असतो, हे आमच्या दिग्दर्शकाच्या लक्षात आलंय. त्यामुळे हल्ली तो मागण्या मला एकटीला गाठून करत नाही, भर तालमीत करतो. सगळी नटमंडळी आशेने माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "बघते."

या वेळी त्याला शेवटच्या प्रवेशात खऱ्या मेणबत्त्या हव्या होत्या. एलईडीच्या मेणबत्तीला म्हणे आत्मा नसतो. मी त्याला १९०३ सालचं शिकागो ऐकवलं. इरोक्वॉय नाट्यगृह, नवंकोरं, जाहिरातीत ‘संपूर्ण अग्निरोधक’. रंगमंचावरच्या दिव्यामुळे कापडी पडद्याने पेट घेतला आणि सहाशेवर माणसं गेली. कित्येक दारांना कुलपं होती, काही दारं कशी उघडायची तेच कुणाला कळेना. ढकलली की दार उघडणारी आडवी दांडी दिसते ना, तिचा प्रसार या आगीनंतर झाला. तो खरोखर गंभीर झाला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, अर्ध्याच ठेवू."

मी जोखमीचा तक्ता उघडला. त्यात धोका, शक्यता आणि उपाय असे रकाने असतात. मेणबत्त्यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवली. धोका: दिग्दर्शक. शक्यता: अटळ. उपायाचा रकाना अजून रिकामा आहे.

मध्येच कळलं की त्याने संहितेत चार वाक्यं स्वतःची घातलीत. प्रयोगाच्या परवानगीच्या करारात लेखकाला विचारल्याशिवाय शब्द बदलायचा नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. वाक्यं काढली. तो रुसला. तो रुसलेला असला की कामं भराभर होतात, असं माझं निरीक्षण आहे.

तांत्रिक तालमीत मात्र सगळेच रुसतात. तिथे नाटक होत नाही, फक्त क्यू होतात, म्हणजे दिवे-आवाज बदलायच्या ठरलेल्या खुणा. नटाने एक वाक्य म्हणायचं, दिवा बदलायचा, मधली दोन पानं गाळून पुढच्या क्यूवर उडी. नायक हात वर करून उभा आणि प्रकाशयोजनाकार निळ्या रंगाच्या चिंतनात. नायकाने कळवळून विचारलं, "इथे माझी मनःस्थिती नेमकी काय आहे?" रंगमंच व्यवस्थापिका वहीतून मान वर न करता म्हणाली, "क्यू सत्तावीस."

इकडे तिकीटविक्री. बजेट मांडताना मी साठ टक्के खुर्च्या भरतील असं धरलं होतं, आणि खर्चाच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीला बाजूला ठेवली होती. ती अडचण मंगळवारीच आली. खुर्च्यांचं म्हणाल तर प्रतिसाद उदंड. ओळखीतला प्रत्येक जण ‘नक्की येणार’ म्हणतो आणि त्याच दमात ‘पास आहेत ना?’ विचारतो. सगळ्यांना पास दिले असते तर नाट्यगृह तुडुंब भरलं असतं आणि गल्ल्यात वारा खेळला असता. कलेवर लोकांचं प्रेम आहेच, फक्त ते तिकीट काढून व्यक्त करायची पद्धत नाही.

प्रयोग झाले. चांगलेच झाले. शेवटच्या रात्री पडदा पडल्यावर नटमंडळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली. सकाळी दुसऱ्यांचा सेट लागणार, म्हणून आमचा रातोरात उतरवायचा होता, आणि गळ्यात पडलेल्या माणसाला फ्लॅटचं, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीचं, दुसरं टोक धरता येत नाही. मी ड्रिल मशीन सुरू केलं. त्या आवाजाने भावना आपोआप आवरतात.

मग मूल्यमापनाचा अर्ज आला. ‘निर्मितीतील आपला प्रत्यक्ष सहभाग’, उत्तराला दोन ओळी. मी लिहिलं: आग लागली नाही, दावा झाला नाही, कुणी जखमी झालं नाही, पैसे संपले नाहीत.

अर्ज परत आलाय. खाली लाल शाईत शेरा आहे: ‘कृपया पुरावे जोडावेत.’