नकार ऐकून खूश

मालवणजवळच्या एका रिसॉर्टच्या वाय-फायवर ‘हल्ला’ होतोय, असा मुंबईहून फोन आला आणि मी भर पावसात एसटीत बसलो. पुरावा काय, तर रेडिअस सर्व्हरचा लॉग, म्हणजे वाय-फायवर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या दारवानाची नोंदवही. ‘टेस्ट’ नावाचा कुणीतरी रात्रंदिवस ठरावीक वेळाने आत घ्या म्हणतो, सर्व्हर त्याला हाकलतो.

सर्व्हर कोठीच्या खोलीत, कोकमाच्या बरण्यांना टेकून. कोठी सांभाळणारे तात्या स्टूल ओढून शेजारीच बसले.

“कोण तो?”

“तेच बघतोय, तात्या.”

“आत येता काय?”

“नाही. दर वेळी रिजेक्ट.”

“मगे परत कित्याक येता? लाज आसा काय नाय तेका?”

लाज नव्हती, कारण माणूसच नव्हता. खऱ्या पाहुण्याच्या विनंतीत त्याच्या मोबाईलचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, येतो, इथे ती जागा कोरी. विनंती पाठवत होता नवा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी. रेडिअस चालतो यूडीपीवर, म्हणजे निरोप नुसता टाकायचा, पोच आपोआप मिळत नाही. समोरचा जिवंत आहे की मेला, हे विचारल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून स्विच खोट्या नावाने सर्व्हरच्या १८१२ पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, विचारून बघतो. उत्तर ‘नाही’ आलं तरी चालतं. उत्तर आलं, म्हणजे सर्व्हर शाबूत. खरं तर नुसतं ‘आहेस का?’ विचारायला स्टेटस-सर्व्हर नावाचा वेगळा निरोप आहे, आरएफसी ५९९७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०१० पासून लिहून ठेवलेला. पण तो वापरायचा तर आधी वाचायला हवा, आणि स्विच बसवणारा ठेकेदार बिलाखेरीज काही वाचत असेल असं वाटत नाही.

हे सगळं तात्यांना सांगितलं. त्यांना त्या टेस्टचीच दया आली.

“इतक्या लांबसून येता बिचारो. घे तेका एकदा आत. चाय पाज. मगे गप बसतलो.”

“तात्या, टेस्टला आत घेतलं तर उद्या कुणीही टेस्ट म्हणून घुसेल!”

“कोण घुसतलो? पावसात गिऱ्हाईक खंय आसा?”

एवढ्यात मुंबईच्या साहेबांचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग त्या टेस्टला पासवर्ड देऊन टाका ना. निदान लॉग लाल दिसणार नाही.”

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पगार वाढला त्यांचा.

शेवटी स्विच तासाला एकदाच विचारेल असं केलं, त्या नावाचे नकार लॉगमधून वेगळे काढले, साहेबांना दोन पानी अहवाल धाडला. काल बिल परत आलं. शेरा : ‘बिघाड आढळला नाही, सबब फक्त प्रवासखर्च मंजूर.’ तोही साध्या एसटीचा. मी निमआरामने गेलो होतो.