४१३००१ आणि माझा ‘रिकामटेकडेपणा’

सर,

सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली टीका वाचली. आधी माझी चूक. अवयव पाडताना १०९ च्या जागी ११९ पडलं. बरोबर असं: ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. दुरुस्त केलंय. तुम्ही तिला घोडचूक म्हणालात. एका आकड्याची चूक होती ओ, त्यात घोडा कुठून आला?

पण "पिनकोड ही संख्याच नव्हे, नुसतं लेबल, त्यावर गणितं करणं हा रिकामटेकडेपणा" या वाक्यानं रात्री झोप लागू दिली नाही.

रिकामटेकडा? माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. शाळा सुटली की मी चादरींच्या गाठींवर शाईनं पत्ते घालायचो. पाठवणाऱ्याच्या नावाखाली ४१३००१, पुन्हा ४१३००१, बोटं निळी होईपर्यंत. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नं भाग जातो, हे मला तिथं कळलं, वर्गात नाही. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद म्हणतात आणि हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलं, हे फार नंतर वाचलं. तुमच्या हिशेबात तेही रिकामटेकडेच ना?

आणि लेबल म्हणता, तर इंग्रज गणिती हार्डी ज्या टॅक्सीनं आजारी रामानुजनला भेटायला गेले तिचा १७२९ काय होता? लेबलच की! त्यातून १ आणि १२ च्या घनांची बेरीज निघाली, ९ आणि १० च्या घनांचीही निघाली. (१७२९ सुद्धा हर्षद आहे, १९ नं भागून बघा.) आमचा ४१३००१ दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येतो: ५७६² + २८५² आणि ५५५² + ३२४². कागद घ्या, पडताळा. वर्गांना घनांची सर नाही, हे तुम्ही सांगायच्या आधीपासून मला माहीत आहे. स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज १९०४५९ च भरते, ४१३००१ भरत नाही, म्हणजे ही परिपूर्ण संख्या नाही, हेही मी लपवलं नव्हतं.

राहिलं तुमचं सोलापूरच्याच दुसऱ्या पिनकोडाबद्दलचं "४१३००४ सुद्धा हर्षदच, मग विशेष ते काय?" आहे हर्षद. १२ नं भागल्यावर ३४४१७. बरं मग? विशेष आहे असं मी लेखात कुठंच म्हटलेलं नाही. शीर्षकात म्हटलं होतं, पण शीर्षक म्हणजे लेख नव्हे. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला सवड नाही.

शेवटी तुम्ही "चादरीतून डोकं बाहेर काढा" असा सल्ला दिलात. काढलं. बाहेर बेचाळीस डिग्री आहे, परत आत घेतो.